दुसरा अहवाल

पहिला अहवाल शलाकाने नवऱ्याला, श्रीकृष्णला, मोठ्याने वाचून दाखवला. शांत, समंजस, सर्वांना सांभाळून घेणारा स्वभाव. दुसरा उघडला आणि तिचा चेहरा पडला.

मकरपुऱ्यातल्या पंपांच्या कारखान्यात माल पाठवण्याचा विभाग ती सांभाळायची. वर्षभरात दोघे सोडून गेले होते. आता मयंकनेही राजीनामा दिला होता. महिनाअखेर तोही गेला, तर विभाग दुसऱ्याकडे देऊ, असं साहेबांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं. मग कंपनीने सगळ्यांकडून स्वभावाच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या. एक स्वतःबद्दल, एक कामातल्या जोडीदाराबद्दल. नुसत्या खुणा करायच्या, वाक्यं संगणक जुळवणार, नाव कुठेच नसणार. शलाकाची जोडी नेमकी मयंकशीच लागली.

समोरच्याचं बोलणं पुरं होऊ न देण्याची सवय. चूक दाखवली की दिवसभर अबोला. मदत मागण्यात कमीपणा वाटतो.

"जाता जाता कसा सूड उगवला बघ!" ती उसळून म्हणाली. "मी कुणाला बोलू देत नाही?"

श्रीकृष्ण चहा गाळत होता. "तसं नाही गं, पण कधी कधी..."

"कधी कधी काय? तुझं सगळं ऐकतेच की मी!"

त्याने हसू दाबलं आणि गाळणीत डोकं खुपसलं. शलाकाला एकदम ओशाळल्यासारखं झालं. मांजलपूरच्या घरून स्कूटरवर कारखान्याकडे निघाली तरी ती तीन वाक्यं काही तिची पाठ सोडेनात.

ट्रक उशिरा का आला, ते सांगायला मयंक आला. त्याचं पहिलं वाक्य संपायच्या आत उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं. ते तिने गिळलं.

"बोल, ऐकतेय मी."

मयंक इतका बावचळला की सांगायचं काय, तेच विसरला.

सवयी अशा सहजासहजी जातात थोड्याच! दोन दिवसांनी ती त्याच्यावर खेकसलीच. पण मग स्वतः त्याच्या टेबलाशी गेली. "माझं चुकलं. आणि हे जीएसटीचं मला जमत नाहीये. बघतोस जरा?"

मयंकने खुर्ची ओढली. पूर्वी विचारलं तर 'हो-नाही'वर भागवणारा हा मुलगा अर्धा तास समजावत बसला. पुढे तोही येऊन अडचणी विचारू लागला. बंद खोलीत कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं शलाकाला वाटलं.

महिनाअखेरीस तो येऊन आपल्या गुजराती ढंगात म्हणाला, "शलाकाबेन, राजीनामा परत घेतला तर चालेल ने?"

तिचे डोळे भरून आले. "अरे, चालेल काय! धावेल!"

"माझ्याबद्दल इतकं छान लिहिलंत तुम्ही. मला तर वाटायचं, तुम्हाला मी नजरेसमोर नको. मग म्हटलं, अशा बेनला सोडून जायचं कुठे?"

शलाका हसली खरी, पण मनातून चरकली. प्रश्नावली भरताना तिने त्याच्यावरचा सगळा राग काढला होता. छान म्हणावी अशी एक खूणही त्यात नव्हती.

ती तडक कंपनीच्या मनुष्यबळ विभागातल्या उत्कर्षाकडे गेली. अहवाल तिनेच पाठवले होते. उत्कर्षाने दार लोटून घेतलं.

"बेन, कुणाला बोलू नका हां. जोडीदारांचे अहवाल ज्याचे त्याला जायच्या ऐवजी भरणाऱ्यालाच परत गेले. मयंकभाईंनी वाचलं, ते त्यांनी तुमच्याबद्दल लिहिलेलं; तुम्ही वाचलंत, ते त्यांच्याबद्दल तुम्हीच लिहिलेलं."