सुलानच्या हातचे बाओ

“सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही,” दवाखान्यातल्या खुर्चीत टेकायच्या आधीच सुलान म्हणाली. “लोणच्याची बरणी. आमच्या गल्लीतल्या खाटकालाही उघडली नाही. काल मी उघडली. दोन बोटांनी!”

“दोनच?” नर्स पेइलिंगने विचारलं.

“तिसरं लावलं असतं तर बरणी फुटली असती.”

नवरा आशुई तिच्या डाव्या बाजूला बसला. हा लग्नापासूनचा शिरस्ता. तो डावखुरा, दुसऱ्या बाजूला बसला की जेवताना कोपरं आपटतात आणि घास राहतो बाजूला, भांडण सुरू होतं. त्याच्या मांडीवर फडक्यात बांधलेला वेताचा डबा होता. त्याने थर्मासचं झाकण फिरवलं, चहा ओतला आणि पेला बायकोपुढे ठेवला. सुलानने तो दोन्ही तळव्यांत धरून तोंडाला लावला आणि पुढचं सांगायला घेतलं.

“आणि परवा शेजाऱ्याची स्कूटर गटारात गेली होती...”

“ती तुम्ही एका हाताने काढली?”

“तुला कुणी सांगितलं गं?”

सुलानची उजवी छाती काढली त्याला दोन वर्षं होत आली होती. कॅन्सर परत येऊ नये म्हणून रोज एक गोळी. गोळीने आपलं काम चोख केलं आणि जाता जाता सुलानच्या बोटांना कुलूप घातलं; सांधे ठणकायचे, बोटं वळायची नाहीत. देवळाच्या फाटकाशी तिची बाओची, म्हणजे सारण भरून वाफवलेल्या गोल पावांची, गाडी होती. तिच्या बाओच्या माथ्यावरच्या चुण्या एकजात उजवीकडे वळलेल्या, वाऱ्याने झुकलेल्या भातासारख्या. ताइनान शहरातल्या नर्सिंगच्या निम्म्या पोरी त्या बाओवर पोट भरून शिकल्या, त्यांत पेइलिंगही. गाडी बंद पडली, तेव्हा सुलान तिला म्हणाली होती, “हात असेच राहिले तर ती गोळी गटारात टाकणार. मरायचं ते बाओ वळता वळता मरेन.”

अशा बऱ्याच बायका गुपचूप गोळी सोडत होत्या. म्हणून तर सुया टोचून हातांचं दुखणं थांबतं का, याचं संशोधन पेइलिंग आणि तिच्या सोबतिणींनी मांडलं. काहींना खऱ्या सुया टोचायच्या, काहींना खोट्या. खोटीचं टोक कातडीला टेकलं की आत न शिरता सुईच्याच मुठीत सरकतं. कुणाला कोणती, हे पेइलिंगलाही ठाऊक नसायचं.

सुलानला मात्र पहिल्याच दिवशी कळलं. लहानपणापासून गल्लीतल्या वैद्याकडे ती सुया टोचून घेत आलेली. खरी सुई लागली की आत खोल एक बधिर कळ पसरते. इथे नुसती मुंगी चालल्यासारखं झालं.

“खोट्या आहेत रे,” घरी जाताना ती आशुईला म्हणाली.

“मग तसं सांग त्यांना.”

“सांगते बरी! त्या पोरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघितलीस का? तिच्या वरच्या मोठ्या बाई तिला म्हणत होत्या, बायकांना गुण आला नाही तर गुंडाळा सगळं.”

पण कशाने कुणाला गुण येईल, सांगता येतं का? पुढच्या खेपेला सुलान हसतच आली. शर्टाचं बटण लावलं म्हणे. मग सुईत दोरा. मग स्कूटर आणि बरणी. बाहेर बाकावर बसलेल्या बायका तिच्या गोष्टी ऐकून पोट धरधरून हसायच्या.

आज शेवटची खेप.

“मावशी, आता नीट ऐका,” पेइलिंग म्हणाली. “ज्यांच्या हातांचं दुखणं अजून आहे, त्यांना सोमवारपासून खऱ्या सुया. आधी काहीही टोचलेलं असो. ज्यांचं गेलं, त्यांना निरोप. तर दहापैकी किती दुखतं?”

“शून्य. त्याच्या खालचं काही असेल तर ते लिही.”

आशुई खोकला.

“याला घशाचं दाखवायला हवं,” सुलान म्हणाली.

“आणि गोळी?”

“घेते की,” सुलान खिडकीकडे बघत म्हणाली. “कधीमधी विसरते.”

पेइलिंगचं पेन थांबलं. “मावशी, मला बरं वाटावं म्हणून गोड बोलू नका हं. खोट्या सुयावाल्या बायकाही बरं वाटतंय म्हणाल्या, तर खऱ्या-खोट्यात फरक उरत नाही. मग सगळंच पाण्यात.”

सुलानला ते पटलं. पण आता मागे फिरायचं म्हणजे बरणी, स्कूटर, सगळंच परत करावं लागणार.

“पुरावा हवा ना? म्हाताऱ्या, उघड तो डबा!”

आशुईने फडकं सोडलं. खोलीभर डुकराच्या मांसाचा आणि कांद्याच्या पातीचा वास पसरला. आत गोल, पांढरे बाओ दाटीवाटीने बसले होते.

“पहाटे उठून वळलेत,” सुलान म्हणाली. “एकटीने. याला तर मी ओट्याजवळही फिरकू दिलं नाही.”

पेइलिंगने मास्क हनुवटीखाली ओढला. एक बाओ उचलला आणि तोंडाशी नेता नेता थांबली. तिने तो डोळ्यांसमोर धरला. मग दुसरा उचलला, मग तिसरा. तिन्ही परत ठेवले आणि कागदावरचं शून्य खोडलं.

“आशुई काका,” ती म्हणाली, “बाओ सुरेख झालेत. चुण्या तेवढ्या सगळ्या डावीकडे वळल्यात. सोमवारी मावशींना घेऊन या.”