शेजारचं मशीन

शिलाईवर्गाच्या दारात मावशी लेकीचा हात धरून घुटमळली. आत शिकवणारी बाई तिची सख्खी भाची होती. आठ वर्षांपूर्वी ‘शहरात घरकाम मिळेल’ म्हणणाऱ्या माणसाबरोबर तिला मावशीनेच धाडलं होतं. त्याने पोरीला विकलं. पोलिसांनी सोडवून आणल्यावरही मावशी तिच्यासमोर गेली नव्हती. भाचीने मशीन थांबवलं. “ये मावशी, बस.” “तोंड दाखवायला जागा नाही गं मला,” चपला काढून आत येत मावशी पुटपुटली. “काल तसाच एकजण हिला नोकरी लावतो म्हणत घरी आला. हिला काहीतरी शिकव.” भाचीने मुलीला शेजारच्या मशीनवर बसवलं, सुईत दोरा ओवायला दिला. मग मावशीकडे न बघताच म्हणाली, “त्या माणसाबद्दल सांगायला माझ्याबरोबर पोलीस चौकीत येशील? माझ्या वेळी घरातलं कुणीच गेलं नव्हतं.” मावशीची मान वर झाली नाही, पण तिने चपला घातल्या.