लाल रंग

“हे पाणीच कारण आहे, असं नाही लिहायचं.” गाइड मॅडमनी माझ्या शोधनिबंधातलं वाक्य खोडलं. “इंग्रजीत संशोधक एवढ्या खात्रीने बोलत नाहीत. ‘कारण असू शकतं’ असं लिही.”

आमच्या गावच्या हापशाच्या पाण्यातल्या फ्लोराइडने माणसांची हाडं वाकतात, हे मी तपासून पाहिलं होतं. पण मी मराठी शाळेतून आलेली. इंग्रजीत मॅडम म्हणतील तेच खरं. एकेक वाक्य मवाळ केलं. निबंध छापून आला.

तोच घेऊन पंचायत समितीत गेले. हापशाला लाल रंग लावा, म्हणजे लोक ते पाणी पिणार नाहीत, अशी विनंती केली. साहेबांनी शेवटचं पान वाचलं. “ताई, तुमचीच खात्री नाही. नुसत्या शक्यतेवर हापशाला लाल रंग कसा लावू?”

गावात परतले तेव्हा कमरेत वाकलेली माय हापशावर होती. भाची ओंजळीने पाणी पीत होती. तिच्या नव्या दातांवर पिवळे पट्टे आले होते.

“पाणी वाईटच हाय ना गं?” मायने विचारलं.

“असू शकतं,” सवयीने माझ्या तोंडून निघालं.

“मग नसंल बी,” ती म्हणाली, आणि भाचीसाठी पुन्हा हापसू लागली.