सीझन संपेपर्यंत
परदेशातल्या मिल्टनहून रेमंड दर रविवारी वसईला आईला फोन करायचा आणि माल्टाच्या फुटबॉल लीगमधली मुलाच्या टीमची आदल्या दिवशीची मॅच सांगायचा.

"वॉरेननं पेनल्टी अडवली, आई."

"मग माझा नातू मला फोन का करत नाही?"

"रोज ट्रेनिंग असतं गं. सीझन संपला की करेल."

सेलीन हे ऐकायला थांबत नसे. नवऱ्यानं फोन लावला की ती बेसमेंटमध्ये जाऊन बसायची.

मे महिन्यात वॉरेनची टीम चॅम्पियन झाली. रेमंडनं शेवटची मॅच अगदी रंगवून सांगितली.

"संपला ना सीझन?" आईनं हळूच विचारलं. "मग आता तरी फादरना सांगून वॉरेनच्या आत्म्याच्या शांतीसाठी चर्चमध्ये मिस्सा ठेवू दे मला."