नाव शेवटी वाचायचं

"नमनाला घडाभर तेल नको," सर्जन म्हणाले. "घोडं कुठं अडलंय तेवढं सांगा."

समोर बसलेल्या सर्व्हेअरनं मोठं खाकी पाकीट टेबलावर ठेवलं. "वडिलांचं ऑपरेशन आहे. मोठ्या आतड्यात गाठ आहे. करायचं की नाही, ते उद्या दहापर्यंत हॉस्पिटलला कळवायचंय."

"म्हणजे कापणारा दुसराच. मग माझ्याकडे कशाला आलात?"

"तुमच्यावर भरवसा आहे म्हणून."

सर्जन खूश झाले. स्तुती कोणाला कडू लागते? त्यांनी उठून बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले, नीट पुसले, मग पाकिटातून फिल्म काढून खिडकीच्या उजेडात धरली. कोपऱ्यातल्या नावाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"नाव मी शेवटी वाचतो," ते म्हणाले. "आधी पोट. नाव वाचलं की हात बुजतो."

सिस्टर चहा घेऊन आल्या. सर्व्हेअरला बिनसाखरेचा लागतो, तो तसाच होता. त्याला विचारावं लागलं नाही.

"बाहेर किती आहेत अजून?" सर्जननी विचारलं.

"हेच शेवटचे," सिस्टर म्हणाल्या आणि दाराशीच थांबल्या.

"हं. वडिलांचं वय?"

"चौऱ्याहत्तर."

"साखर, रक्तदाब?"

"ठीक आहे. हृदयही दणकट आहे. पण विसरतात."

"चष्मा कुठं ठेवला ते विसरतात, की मुलगा कोण ते?"

सर्व्हेअरनं चहाचा एक घोट घेतला. "दोन्ही. मला सकाळी ओळखतात, कधीकधी."

सर्जननी फिल्म अलगद खाली ठेवली. "मग ऐका. लोक सर्जनला एकच विचारतात, वाचतील ना? तो अर्धाच प्रश्न झाला. घरी आल्यावर त्यांना काय काय करता येईल, ते विचारा. नाहीच केलं तर काय होईल, ते विचारा. भुलीनंतर अशी माणसं गोंधळतात, उरलीसुरली आठवणही थोडी जाऊ शकते. पण नाही केलं, तर गाठ आतड्याची वाट अडवणार, पोट फुगणार, आणि मग घाईघाईत कापावं लागणार. ते जास्त वाईट."

सर्व्हेअर वहीत लिहून घेत होता. अक्षर नकाशावरच्यासारखं, सुटं आणि सरळ. सर्जन त्या अक्षराकडे कौतुकानं बघत राहिले.

"तुम्ही काय करता म्हणालात?"

"जमिनी मोजतो. सर्व्हेअर आहे," त्यानं पुन्हा सांगितलं. डॉक्टर लोक असं मध्येच इकडचं तिकडचं विचारतात. समोरचा माणूस जरा सैल होतो.

"वा! आमचे चिरंजीवही भूमितीत हुशार. डॉक्टर काही व्हायचे नाहीत. सातवीत आहे. येईलच आता शाळेतून." सर्जननी चहा संपवला. "बरं, ऑपरेशनबद्दल कोणाकोणाला विचारलंत?"

"काकांना, आत्याला, तीन डॉक्टरांना. काका म्हणतात करा, आत्या म्हणते नको."

"आणि वडिलांना?"

सर्व्हेअरनं वहीचं पान उलटलं.

सर्जननी टेबलावर थाप मारली. "काखेत कळसा नि गावाला वळसा! अहो, पोट कोणाचं आहे? काकांचं?"

"त्यांना कळेल की नाही, तेच..."

"न कळायला काय झालं? त्यांना कळेल असं बोला. ही फिल्म दाखवा. माणूस नावं विसरतो, पण आपल्याला जगायचंय की नाही, हे विसरत नाही."

सर्व्हेअरनं वही मिटली. त्याला फार भीती वाटत होती, आणि आता ती लपवायचं त्यानं सोडून दिलं. "त्यांच्या जागी तुम्ही असतात, तर काय केलं असतंत?"

सर्जननी फिल्म पुन्हा उचलली. या वेळी ते बराच वेळ बघत राहिले. गाठीभोवती नखानं एक गोल फिरवला.

"करून घेतलं असतं," ते म्हणाले.

"आठवण गेली तरी?"

"गेली तर गेली. पोरगं लहान आहे हो माझं. त्याला मोठं झालेलं बघायचंय मला."

दाराशी उभ्या असलेल्या सिस्टरांनी तोंड फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला.

सर्व्हेअरनं वहीतून घडी घातलेला फॉर्म काढला, टेबलावर हातानं सपाट केला आणि तळाच्या रेघेवर बोट ठेवलं. "इथं सही हवी होती."

सर्जननी चष्मा नाकावर सरकवून ती ओळ वाचली आणि हसले. "तुम्ही पण ना! हा संमतीचा फॉर्म आहे. इथं पेशंटची सही लागते. माझी कशाला?"

सर्व्हेअरनं पेनाचं टोपण काढलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

"तुमचीच लागते, बाबा."