घरातली सगळ्यांत निरोगी थुंकी

डॉ. वझेबाई पोचल्या तेव्हा डोहाळजेवण रंगात आलं होतं. त्यांनी मुलीच्या वडिलांना, देवाजी बोरकुट्यांना, बाजूला घेतलं. देवाजींची थोरली मुलगी सिकलसेलनं, रक्ताच्या आनुवंशिक आजारानं गेली, म्हणून बाईंनी संशोधनासाठी घरात प्रत्येकाला थुंकीची नळी दिली होती. सगळे रिपोर्ट, होणाऱ्या जावयाचाही, निर्दोष आले आणि त्या भरवशावर धाकटीचं लग्न झालं. पण थोरलीच्या आई-बापात दोषच नाही हे बाईंना पटेना; आता जनुकं बारकाईनं तपासल्यावर यंत्राचं म्हणणं पडलं, की आजी, आई आणि धाकटी ही तिन्ही माणसं एकच असून तो पुरुष आहे.

“बरोबर आहे जी,” देवाजी म्हणाले. “आमच्या घरचा गडी विठोबा, पैलवान माणूस. साऱ्या नळ्या त्यालेच भरायला लावल्या. चारचौघांत घराची शोभा कशाला?”

“अहो, आणि जावयाची नळी?”

“व्याह्यांनी शब्द टाकला. तीबी विठोबानंच भरली. पाहुण्यांले नाही कसं म्हणता, मॅडम?”

आई-बाप दोघांच्याही रक्तात दोष असला, तर बाळाचं काय होऊ शकतं, हे बाईंनी आयुष्यभर व्याख्यानांतून समजावलं होतं. आता त्या वळून धाकटीला शोधू लागल्या.

हिरव्या साडीतली धाकटी मागेच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“मॅडम, आता मी माझी देऊ?”

बाईंनी पर्समधून नळी काढून दिली. धाकटीनं ती ओठांशी धरली, बराच वेळ धरली. तिच्या तोंडाला कोरड पडली होती.