खूण पटवून न्यावी

“अंगठीसाठी आलात का?” धक्क्याच्या पायरीवर बसलेल्या गृहस्थांनी विचारलं आणि ते घाईघाईने उभे राहिले.

खरं तर ती अंगठीसाठी आली नव्हती. वाचनालयाच्या फळ्यावर महिनाभर एक चिठ्ठी टाचलेली होती. ‘किनाऱ्यावर दगड वेचताना बायकांची एक जुनी अंगठी सापडली आहे. खूण पटवून न्यावी. रोज सकाळी सात, धक्क्याजवळ.’ त्यातल्या ‘दगड वेचताना’ या दोन शब्दांनी तिला इथवर आणलं होतं. तीही दगड वेचायची. घरी खिडकीच्या कट्ट्यावर अकरा बरण्या होत्या, रंगांप्रमाणे लावलेल्या. नळ दुरुस्त करणारा सोडला तर त्या बघायला कधी कोणी आलं नव्हतं. तोही म्हणाला होता, “यात मासे नाहीत का, बाई?”

लांबूनच बघायचं आणि परतायचं, असं तिने ठरवलं होतं. पण तिला पाहून कोणी उठून उभं राहिलं, असं फार वर्षांत घडलं नव्हतं.

“हो,” ती म्हणाली. “अंगठीसाठीच.”

“मग खूण सांगा.”

खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण अंगठ्यांची होती. आठवड्यातले चार दिवस ती जुन्या दागिन्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसायची. बंद झालेल्या घरांतून डबे यायचे. भिंग लावून ती सांगायची, हे सोनं, हा मुलामा, ही फिरकी नंतर बसवलेली, हे आजीच्या काळातलं, हे परवाचं. अशा कितीतरी अंगठ्या नजरेखालून गेल्या होत्या. त्यांतलं थोडं इकडचं, थोडं तिकडचं घेऊन तिने उभ्या उभ्या एक अंगठी रचली.

“चांदीची आहे. ओळीत पाच काळे खडे. मधला पडलाय. आतून एक फुलाचा ठसा, अर्धा झिजलेला.” आणि मग, कोणी न विचारता, “माझ्या आईची.”

गृहस्थ तिच्याकडे बघत राहिले. आता हसतील, नाहीतर हाकलतील.

“अगदी तीच,” ते म्हणाले.

म्हणजे तिने रचलेली अंगठी खरंच कोणाची तरी होती!

“महिनाभरात तुम्हीच पहिल्या आलात,” ते म्हणाले. “पण आज ती माझ्याजवळ नाही. भाचीच्या लॉकरमध्ये ठेवलीय आणि भाची परगावी गेलीय. उद्या याल?”

दिवसभर दुकानात तिने मनाची समजूत घातली. त्या काळी अशा अंगठ्या पैशाला पासरी होत्या. मधला खडा उंच बसवलेला असतो, सगळीकडे तोच आपटतो आणि तोच आधी पडतो. ठसा झिजायचाच. योगायोग, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी भाची परतली नव्हती. तिसऱ्या दिवशीही नाही. दोघं वाळूतून चालत राहिले. गृहस्थ नकाशे काढणाऱ्या कचेरीतून निवृत्त झाले होते, बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. दगडांतलं त्यांना फारसं कळत नव्हतं. मोठ्या कौतुकाने त्यांनी एक तांबूस खडा पुढे केला.

“ही वीट आहे,” ती म्हणाली.

“छान आहे पण.”

“वीट छान आहे,” तिने मान्य केलं. दोघं इतके हसले, की पुढे चाललेला माणूस वळून बघायला लागला.

ती वीट तिने घरी नेली आणि बारावी बरणी काढली.

असे पाच आठवडे गेले. पायरीवर तिच्या जागी ते आधीच वर्तमानपत्र पसरून ठेवायचे. तिला उशीर झाला, तर ते उठून रस्त्याकडे बघत उभे राहिलेले दिसायचे. इतकी वर्षं ती वाण्याला उगीच वेळ विचारायची, हातात घड्याळ असून. दिवसभरात कोणाशी तरी बोलणं व्हावं म्हणून. आता विचारत नव्हती.

पण अंगठी मनातून जात नव्हती. ती कोणाच्या तरी आईची होती. दुकानात एखादी बाई डबा उघडून डोळे पुसायला लागली, की तिला वाटायचं, हीच असेल ती. हिचीच अंगठी मी गिळून बसलेय.

“येत्या सोमवारी नक्की आणतो,” गुरुवारी गृहस्थ म्हणाले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. “तुम्हाला फार ताटकळत ठेवलं.”

“घाई नाही हो,” ती म्हणाली. ते मात्र खरं होतं.

सोमवारी सगळं सांगून टाकायचं, तिने ठरवलं. अंगठी माझी नाही, आईकडे कधी अंगठी नव्हतीच. मग ते चिठ्ठी पुन्हा टाचतील, दुसरी कोणी येईल आणि ते तिच्यासाठी उठून उभे राहतील. राहू देत. चोरून आणलेली सोबत किती दिवस पुरणार?

शनिवारी दुकानात ती माळांचा गुंता सोडवत बसली होती. मालक एक कागद घेऊन आत आले.

“ताई, जरा सल्ला द्या. काल एक म्हातारे गृहस्थ आले होते. हे चित्र काढून आणलंय, काय रेखीव हात आहे बघा! चांदीची अंगठी, पाच काळे खडे, मधला पडलेला, आत झिजलेलं फूल. महिनाभर गावातली सगळी दुकानं पालथी घातली म्हणे, अशी कुठे मिळेना. शेवटी म्हणतात, नवी घडवा आणि घासून जुनी करून सोमवारी द्या. मुद्दाम खडा पाडून कोणी अंगठी घेतं का? बरं, बोटाचं माप विचारलं तर गप्प. डोकं फिरलेलं दिसतंय. नाही म्हणून कळवू ना?”

तिने माळ खाली ठेवली.

“काम घ्या,” ती म्हणाली. “माप मी देते.”